न विणता केलेलं रेशमी कापड

सांगली, विश्रामबाग
२२ सप्टेंबर

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कास पठाराच्या फुलांचं भरतकाम करून तू भिंतीवर लावायची जी चौकट करते आहेस, तिची जमीन, म्हणजे मागचं कापड, विकतचं नको, हाताने केलेल्या रेशमाचं हवं, हे मला मनापासून पटलं. तेरड्याचा गुलाबी सोनकीच्या पिवळ्यात शिरतो, ते विणलेल्या कापडावर टाके घालघालून दाखवावं लागतं. सुटे तंतू मांडले की रंग आपले आपण एकमेकांत उतरतात. तू विचारलंस ते आणि न विचारलेलं थोडं, असं सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि नमदा तयार होतो. कागदाचा लगदा वाळताना स्वतःच धरतो. रेशमाचा तंतू मात्र गुळगुळीत. कितीही चोळ, वाळला की मोकळा. म्हणून या कापडात चिकटवणारं काहीतरी लागतंच, आणि ते कोणतं यावरच कापड मऊ पडणार की पापडासारखं कडक होणार, पाणी सोसणार की नाही, हे सगळं ठरतं. रेशीम कुठून आणायचं याची काळजी तू फार केली आहेस. त्याआधी चिकट कोणतं वापरायचं ते ठरव.

एक चिकट तर कोषातच असतं. अळी दोन तंतू एकदम सोडते आणि सेरिसिन नावाच्या डिंकाने ते जोडत जाते. कवचाच्या वजनात हा डिंक २० ते ३० टक्के भरतो. बाकीचं फायब्रॉइन, म्हणजे आपलं मऊ, चमकदार रेशीम. डिंक ठेवला तर कापड कच्चं, कुरकुरीत, मातकट चमकेचं होतं. उकळून काढून टाकला तर मऊ रेशीम मिळतं, पण मग चिकट बाहेरून घालावं लागतं. तुझ्या चौकटीत दोन्ही करावंस असं मला वाटतं: फुलांच्या गालिच्याला उकळलेलं रेशीम आणि सड्याच्या, म्हणजे पठारावरच्या उघड्या, कातळाला कच्चं.

कोषांसाठी लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात तुती लावून कोष काढणारे शेतकरी आहेत; जिल्हा रेशीम कार्यालयात विचारलंस तर जवळचं गाव कळेल. विक्रीआधी ते कोष निवडतात. दोन अळ्यांनी मिळून केलेले दुबार कोष बाजूला पडतात, कारण त्यांचा सलग धागा निघत नाही. आपल्याला सलग धागा नकोच आहे, ते खुशाल घे. डागी कोष मात्र स्वस्त मिळाले तरी नको, डाग उकळूनही पुरता जात नाही. कोष घरी आल्यावर ब्लेडने टोकाशी काप आणि आतला किडा आणि त्याची कात झटकून टाक. हे काम उकळण्याआधीच व्हायला हवं. किड्यात तेल भरपूर असतं. तो आत राहून उकळला की तेल रेशमात उतरतं, पिवळट डाग पडतात आणि वास कापडाला कायमचा लागतो. पतंग बाहेर पडून गेलेले भोकाचे कोष मिळाले तर फारच उत्तम, फक्त आतली कात झटकायची.

रिकाम्या कोषाचं वजन ०.३ ते ०.४ ग्रॅम धर. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या तीन थरांच्या कापडाला साधारण ८ ग्रॅम उकळलेलं रेशीम लागतं. उकळताना पाव वजन जातं, विंचरताना थोडं वाया जातं, म्हणजे एका कापडाला ४० कोष घे.

उकळण्याचं प्रमाण ५० ग्रॅम कोषांना असं: २ लिटर पाणी, १२ ग्रॅम साध्या साबणाचा कीस आणि एक लहान चमचा, म्हणजे ४ ग्रॅम, धुण्याचा सोडा. पातेलं स्टीलचं. अॅल्युमिनियमला सोडा खातो, लोखंडाने रेशीम काळवंडतं. पाणी ९० ते ९५ अंशांवर ठेव. बुडबुडे नुसते कडेला दिसावेत; खळखळ उकळी आली की तंतूंचा गुंता होतो आणि तो नंतर सुटत नाही. पाऊण तास ते तासभर लागतो. कोष वर तरंगतात म्हणून त्यांना जुन्या मलमलच्या पिशवीत सैल बांध आणि मधूनमधून पिशवी उलट. झालं की नाही हे बोटांना कळतं: अर्धवट असेल तर कोष बुळबुळीत आणि टणक लागतो, पुरता झाला की ओल्या कापसासारखा ओढता येतो. पहिलं खळबळणं गरम पाण्यातच कर. एकदम थंड पाण्यात टाकलंस तर सुटलेला डिंक आणि साबण पुन्हा तंतूवर बसतात. शेवटच्या कोमट पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर घाल, चमक परत येते.

पाणी बोअरचं वापरू नकोस. जड पाण्यात साबणाचा साका होतो, तो रेशमावर राखाडी थर धरतो आणि वाळल्यावर रेशीम निस्तेज दिसतं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. आणि कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच रेशमाजवळसुद्धा नको. रेशीम हे प्रथिन आहे, त्यात ते विरघळूनच जातं.

वाळलेलं रेशीम १० ते १२ सेंटिमीटर लांबीचं काप आणि दोन तारांच्या ब्रशांमध्ये विंचर. कुत्र्यामांजरांना विंचरायचे बारीक तारांचे ब्रश मिळतात, ते चालतात. हातांची तयारी आदल्या दिवशी करायची. भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटांना तंतू असे अडकतात की जीव नकोसा होतो. साखर आणि थोडं तेल घेऊन तळवे चोळ आणि साबणाने स्वच्छ धू. कामाच्या वेळी हाताला तेलाचा अंश नको, तेलावर चिकट धरत नाही.

रंग मांडणीआधीच द्यायचा. हळदीचं तू विचारलंस. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रंग रेशमावर चढतोही सोन्यासारखा, पण उजेडात काही आठवड्यांत उडतो. भिंतीवर लावायच्या कामाला हळद वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोनकीच्या पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घे. ५० ग्रॅम रेशमाला ५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात रेशीम रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम वाळकी साल तासभर उकळून, गाळून, त्या पाण्यात ८० अंशांच्या आत तासभर ठेव. त्यातलं थोडं रेशीम चिमूटभर हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यातून काढलंस की शेवाळी करडा मिळतो, कातळाच्या कडेला अगदी हवा तसा. हिराकस रेशमाच्या वजनाच्या २ टक्क्यांवर जाऊ देऊ नकोस, लोहाने तंतू कुजतो. गुलाबी आणि जांभळ्याला सरळ रेशमाचे तयार अॅसिड रंग वापर.

आता मांडणी. खरी कसोटी इथे आहे. टेबलावर प्लॅस्टिक, त्यावर नायलॉनच्या मच्छरदाणीची जाळी, कापडापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठी. सुती जाळी नको, ती चिकटून बसते. पंखा बंद. विंचरलेल्या रेशमाचा सैल पेळू डाव्या हातात धर, टोकापासून निदान १५ सेंटिमीटर मागे. उजव्या हाताने टोकाचे फक्त दोन सेंटिमीटर चिमटीत पकड आणि सावकाश ओढ. दोन्ही हात जवळ आले तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुझ्या मुठीत अडकतात, मग कितीही जोर लाव, पेळू सुटत नाही. नीट सुटला की चिमटीत विरळ झुपका येतो, धुक्यासारखा. तो जाळीवर ठेव, त्याच्या मुळावर पुढच्याचं टोक, कौलं घालतात तशी एकावर एक रांग. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. जाळीखाली वर्तमानपत्र सरकवून बघ: एका थरातून बातमी वाचता यावी, तिन्ही थरांतून फक्त मथळा. घाईत जाड झुपके ठेवलेस तर त्यांच्या मध्ये पाणी आणि चिकट पोहोचत नाही, आणि वाळल्यावर तिथे पापुद्रे सुटतात. या कामात बिघडलेल्या कापडांपैकी बहुतेक इथेच बिघडतात. दुसऱ्या थरावर जरीची तार, रंगीत धागे, सुकवलेल्या पाकळ्या पसरता येतात. पाकळ्या पुस्तकात दाबून पुऱ्या कोरड्या केलेल्याच हव्यात, ओलावा राहिला तर आत काळ्या पडतात. पठारावरची फुलं तोडायला बंदी आहे. तेरडा तुझ्या कुंपणालाही येतो.

वरून दुसरी जाळी घाल आणि कडेने मोठा धावदोरा घाल, म्हणजे उलटताना काही सरकणार नाही. लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण अर्धा चमचा घालून दोन इंची ब्रशने मधून कडेकडे दाबत भिजव. घासू नकोस, दाब. रेशमात हवा फार धरलेली असते. कोरडी जागा पांढरी, रुपेरी दिसते, भिजलेली पारदर्शक होते. एकही पांढरा ठिपका उरला असेल तोवर थांबू नकोस. मग उलटून दुसऱ्या बाजूने तसंच. नंतर जुन्या टॉवेलने दाबून जास्तीचं पाणी आणि फेस टिपून घे, साबण उरला तर चिकट फेसाळतं आणि दुबळं पडतं.

चिकटासाठी तुझ्या कामाला कापड रंगवायचं अॅक्रिलिक मीडियम, म्हणजे कापडाच्या रंगात मिसळायचं दुधाळ चिकट, घे. एक भाग मीडियमला तीन भाग पाणी केलंस तर कापड मऊ, सुई सहज जाणारं. बरोबरीचं पाणी केलंस तर वाटीसारखा आकार धरण्याइतकं कडक. एका कापडाला तयार मिश्रण ७० मिलिलिटर पुरतं. जाळीवरूनच दोन्ही बाजूंनी दाबून भर आणि मग जाळीच्या भोकांत साठलेलं फडक्याने टिपून काढ. ते टिपायचं राहिलं तर कापडावर प्लॅस्टिकसारखी चकाकी येते आणि रेशीम रेशीम वाटत नाही.

मीडियमची चमक नकोच असेल तर सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात खळ होणारी पूड) वापर: १० ग्रॅम पूड ५०० मिलिलिटर पाण्यात ढवळत ढवळत भुरभुरायची आणि रात्रभर मुरू द्यायची. एकदम टाकलीस तर गुठळ्या होतात. कापड कागदासारखं, फार देखणं होतं, पण पाणी लागलं की सुटतं, म्हणून काचेआडच्या कामालाच. मैद्याची खळ नको. साताऱ्याच्या पावसात तिला बुरशी येते आणि कसर खाते. पुस्तकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आणि रेशमाला हिरवट झाक देतं. लाकडाचा पांढरा गोंद दमट हवेत मऊ पडतो आणि इस्त्रीला चिकटतो, तोही बाजूला ठेव.

वाळवताना पहिले दोन तास आडवंच ठेव आणि दोनदा उलट. लगेच दोरीवर टांगलंस तर सगळं मीडियम खालच्या काठाला उतरून तिथे कडक पट्टी होते. नंतर टांग. तुझ्याकडे अजून पाऊस असेल तर पुरता दिवस-दीड दिवस लागेल, ऑक्टोबरच्या उन्हात सावलीतसुद्धा चार-पाच तासांत होईल. जाळी काढताना वर उचलू नकोस. एका हाताने रेशीम दाबून धर आणि जाळी मागे दुमडत सपाट ओढ. मग रेशमाच्या खुणेवर, वाफ बंद करून, दोन्ही बाजूंना बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद ठेवून दोन-तीन मिनिटं इस्त्री. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर तो नव्हे, तो चिकटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

कातळाचं कापड याहून सोपं. न उकळलेले कोष १० मिनिटं कढत पाण्यात भिजवलेस की कवचाचे पातळ थर नखाने सुटे होतात. ते आडवेउभे मांड, मध्ये शेवाळी करडं रेशीम घाल, पण निदान निम्मा भाग कच्च्याचाच ठेव, कारण इथे त्याचाच डिंक धरणार. पाणी फवारून दोन्ही बाजूंना तोच कागद ठेव आणि सुती कापडाच्या आचेवर इस्त्री दाबून २० ते ३० सेकंद ठेव, उचल, पुन्हा दाब. इस्त्री सरकवलीस तर थर गोळा होतात. सेरिसिन ओल आणि उष्णता मिळाली की मऊ होतं आणि वाळताना घट्ट बसतं. दाबताना केस गरम झाल्यासारखा वास येईल, घाबरू नकोस. करपल्याचा वास आला तर मात्र आच जास्त आहे.

भरतकाम करताना कापडाखाली मलमलचं अस्तर लाव, ९ किंवा १० नंबरची बारीक सुई घे आणि गोल फ्रेम लावू नकोस, तिचा वळ उठतो आणि जात नाही. सुईचं भोकही इथे बुजत नाही, तेव्हा टाका कुठे घालायचा ते ठरवूनच सुई टोच.

पहिलं कापड पोस्टकार्डाएवढंच कर. झालं की एक कोपरा कापून पत्रात घाल. पापुद्रे सुटतात का ते इथे बघून लगेच कळवते.

तुझी,
मंदा