कांद्याचा राखीव साठा आणि ली क्वेचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ कांदा चाळीत गेला की राखीव साठ्याचा वाद सुरू होतो. शेतकरी म्हणतो, माझा भाव पाडण्यासाठीच सरकार साठा करते. शहरातला ग्राहक विचारतो, साठा आहे तर दिवाळीच्या तोंडावर कांदा महाग का? हा पेच प्राचीन चीनमधल्या विचारवंतांनी चोवीसशे वर्षांपूर्वी आकडे मांडून सोडवायला घेतला होता. चिनी तत्त्वज्ञान म्हटले की आपल्याकडे सुविचारांच्या दोन ओळी छापल्या जातात आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस वेई राज्यात ली क्वे नावाचा मंत्री होता. कायद्याने आणि हिशेबाने राज्य चालवा म्हणणाऱ्या विधिवादी पंथाचा तो आद्य पुरुष. त्याने एका शेतकरी कुटुंबाचा ताळेबंद मांडला. माणसे 5, जमीन 100 मू (मू हे जमिनीचे माप). मूला दीड शी (शी हे धान्याचे माप) धान्य धरले तर उत्पन्न 150 शी. दहावा हिस्सा करात गेला, उरले 135. माणशी महिन्याला दीड शी खाण्यासाठी, म्हणजे वर्षाचे 90. उरलेले 45 शी विकले, दर 30 नाणी, आले 1350. गावच्या देवाला आणि सणांना 300. कपड्यांना माणशी 300 प्रमाणे 1500. तूट 450 नाण्यांची. आजारपण, मर्तिक आणि जादा वसुली यात धरलेलीच नाही. निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा: धान्य फार महागले तर विकत खाणारा मरतो, फार स्वस्त झाले तर पिकवणारा. पहिला मेला की लोक देशोधडीला लागतात, दुसरा मेला की राज्य कंगाल होते. उपाय म्हणून त्याने सुकाळाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. चौपट पिकले की कुटुंबाकडे 400 शी शिल्लक राहते. त्यातले तीन भाग सरकारने घ्यायचे, एक सोडायचा. तिप्पट पिकले की तीनपैकी दोन भाग घ्यायचे. दुप्पट पिकले तर एकच. लोकांपुरते राहिले आणि भाव सम झाला की खरेदी बंद. दुष्काळाच्याही तीनच पायऱ्या: छोट्या दुष्काळात छोट्या सुकाळाचा साठा बाहेर काढायचा, मोठ्यात मोठ्याचा. किती घ्यायचे, कुठे थांबायचे आणि कधी सोडायचे, या तिन्ही गोष्टी पीक हाती येण्याआधीच ठरलेल्या. माझ्या मते या योजनेचा प्राण इथेच आहे. कोठाराची इमारत त्यापुढे गौण.

ली क्वे ज्याच्या पदरी होता त्या वेन राजाचा नातू म्हणजे राजा ह्वे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस त्याच्या दरबारात आला, तेव्हा राजा अभिमानाने सांगू लागला की एका भागात पीक बुडाले तर मी माणसे दुसरीकडे हलवतो आणि धान्य तिकडे पाठवतो. मेन्शियसने त्याला सुनावले: सुकाळात कुत्री-डुकरे माणसांचे अन्न खातात तेव्हा तुम्ही आवर घालत नाही, रस्त्यावर भुकेने माणसे मरतात तेव्हा कोठार उघडत नाही, आणि वर म्हणता, दोष माझा नाही, वर्षाचा आहे. माणसाला भोसकून ‘मी नाही मारले, शस्त्राने मारले’ म्हणण्यासारखेच हे. विधिवाद्याने हिशेब दिला होता. मेन्शियसने त्या हिशेबाला उत्तरदायी कोण, ते सांगितले.

प्रत्यक्षात ही योजना हान साम्राज्यात आली. सततच्या सुकाळाने भाव शीला 5 नाण्यांपर्यंत घसरला होता. पूर्वेकडून राजधानीला दरसाल 40 लाख हू (हेही धान्याचेच माप) धान्य नदीमार्गे यायचे आणि त्यासाठी 60,000 माणसे राबायची. गेंग शौछांग या अधिकाऱ्याने राजधानीजवळच्या प्रांतांतच खरेदी करून ही वाहतूक निम्म्याहून कमी करण्याची योजना दिली, आणि इसवी सनपूर्व 54 मध्ये सीमाभागात ‘सदा-सम’, म्हणजे भाव कायम सम ठेवणारी, कोठारे बांधली. अवघ्या दहा वर्षांनी, इसवी सनपूर्व 44 मध्ये, ती बंद झाली. बंद करायला लावली कन्फ्यूशियसपंथीयांनी. सरकारने नफ्यासाठी रयतेशी स्पर्धा करू नये, हा त्यांचा आक्षेप. त्याआधी इसवी सनपूर्व 81 च्या मीठ-लोखंड वादातही (मीठ आणि लोखंडावरच्या सरकारी मक्तेदारीवर दरबारात झालेला वाद) त्यांनी सांगितले होते की सरकारी खरेदीच्या आडून अधिकारी आणि साठेबाज संगनमत करतात. हा आक्षेप मला आजही खोडता येत नाही.

दुसरा धोका कोठार वेळेवर न उघडण्याचा. वरून हुकूम येईपर्यंत माणसे मरतात. हान काळातल्या जी आन या अधिकाऱ्याने एका दुष्काळी भागात परवानगीविना कोठार उघडले, मग सम्राटापुढे जाऊन स्वतःच शिक्षा मागितली. सम्राटाने त्याला माफ केले. मंगळवेढ्याचे दामाजीपंत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा प्रसंग परका वाटू नये.

पुढे 1069 मध्ये सोंग राजवटीचा मंत्री वांग आन्शी याने या कोठारांचे भांडवल पेरणीच्या कर्जासाठी वापरले. व्याज हंगामाला 20 टक्के. वसुलीचे आकडे गाठायचे म्हणून अधिकाऱ्यांनी नको असलेल्यांच्याही गळ्यात कर्ज मारले. शंभर वर्षांनी चू शी या तत्त्वज्ञाने त्यातल्या चुका नेमक्या दाखवल्या: धान्याऐवजी पैसा दिला, गावाऐवजी तालुक्याच्या ठिकाणी दिला, गावच्या जाणत्यांऐवजी कारकुनांच्या हाती दिला, आणि कळवळ्याऐवजी वसुलीच्या घाईने दिला. नुसती टीका करून तो थांबला नाही. 1168 च्या दुष्काळात सरकारकडून 600 शी धान्य उसने घेऊन त्याने गावकोठार सुरू केले. व्याज 20 टक्केच, पण थोड्या दुष्काळात निम्मे आणि मोठ्या दुष्काळात माफ. चौदा वर्षांत 600 शी परत केले, तीन खोल्यांचे कोठार बांधले, 3100 शी शिल्लक राहिले. तेव्हापासून व्याज बंद, फक्त नासधुशीपोटी शंभराला तीन.

चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीच्या काळात नियम होता: दहापैकी सात ठेवा, तीन विका. दर वसंतात तीन भाग विकायचे आणि शरदात नवे धान्य भरायचे, म्हणजे जुने कुजत नाही. हा नियम कांद्याला जसाच्या तसा लावू नये. धान्य काही वर्षे टिकते. चाळीतला कांदा चार-सहा महिन्यांत कोंब काढतो, सडतो, वजनाला घटतो. सात ठेवले तर पुढच्या हंगामाला उकिरड्यावर टाकावे लागतील. कांद्याचा साठा दर हंगामाला शून्यावर आलाच पाहिजे.

घ्यायचे आहे ते पूर्वघोषणेचे तत्त्व. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. दोन्ही वेळा शेतकऱ्याने पीक घेतल्यावर किंवा चाळ भरल्यावर नियम बदलला. त्याऐवजी उन्हाळ कांद्याच्या पहिल्या लिलावाआधीच सरकारने जाहीर करावे: पीक इतके आले तर खरेदी इतकी, भाव अमुक पातळीला आला की खरेदी बंद, आणि तमुक पातळीच्या वर गेल्याशिवाय साठ्यातला एक क्विंटलही बाजारात येणार नाही. खरेदी आणि साठवण गावपातळीवर विकास सोसायट्यांकडे देऊन पाहावी. सुरुवातीला मोजक्या चाळी पुरेत. घटीचा दरही आधीच लिहून ठेवावा. चू शीला धान्यासाठी शंभराला तीन पुरले, कांद्याला त्याच्या कितीतरी पट लागतील. पण तो आकडा महिनावार ठरलेला आणि चाळीच्या दारावर लावलेला असावा, म्हणजे खाद, म्हणजे खराब माल, किती निघाली आणि चांगला माल कुठे गेला, हे गावाला ताडून पाहता येईल.

आपला,
एक वाचक, नाशिक