शाळेच्या छताचा तीस वर्षांचा खर्चही अंदाजपत्रकात लिहा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून हे पत्र लिहितो आहे. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी इमारतींची अंदाजपत्रकं करण्यात आणि मापपुस्तिका भरण्यात गेली. निवृत्तीनंतर गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना जाऊन बसतो. तिथे दर पावसाळ्यात एक विषय हमखास निघतो : स्लॅब गळतो. मग एका खोलीतली पोरं दुसऱ्या खोलीत दाटीवाटीनं बसतात, गुरुजी दोन वर्ग एकत्र घेतात आणि दुरुस्तीचा प्रस्ताव वर जातो. मंजुरी येईपर्यंत पाऊस उघडलेला असतो, आणि निधी आलाच तर त्यातून रंग मारला जातो.

माझी मागणी एका ओळीची आहे. ग्रामीण भागातल्या सरकारी इमारतीला मान्यता देताना तिचं छत, दारं-खिडक्या, नळ-पाइप, फरशी आणि रंग यांच्या बांधणीच्या खर्चाशेजारी, पुढच्या तीस वर्षांत ते सांभाळायला, दुरुस्त करायला आणि बदलायला किती पैसा लागेल तेही लिहिलेलं असावं. याला जीवनचक्र खर्च म्हणतात. त्याची पद्धत नव्यानं शोधायची नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३१७४ हे मानक याच विषयावर आहे. संज्ञांचा पहिला भाग १९९१ सालचा आणि हिशेबाच्या पद्धतीचा दुसरा भाग १९९४ सालचा. तीस वर्षं होऊन गेली. पण खेड्यातल्या शाळाखोलीच्या अंदाजपत्रकाला असा हिशेब जोडलेला मी माझ्या टेबलावर कधी पाहिला नाही.

हिशेब कसा करतात ते दाखवतो. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, दरसूचीतले (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतले) नाहीत. एका वर्गखोलीच्या छतावर पाणी अडवण्यासाठी नुसता लेप मारला तर २०,००० रुपये लागतात आणि तो पाच वर्षं टिकतो, असं धरू. त्याऐवजी नीट ढाळ काढून, कडेला गोला (भिंत आणि छत मिळतात तिथला गोलसर कोपरा) करून, वर फरशीचे तुकडे बसवून वीटकोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जाड थर, केला तर ४०,००० रुपये लागतात आणि तो पंधरा वर्षं टिकतो. तीस वर्षांत लेप सहा वेळा मारावा लागेल, म्हणजे १,२०,००० रुपये. कोबा दोनदा, म्हणजे ८०,०००.

पण एवढ्यावर निकाल देणं बरोबर नाही. पाच वर्षांनी लागणारे शंभर रुपये आणि आज खिशातून जाणारे शंभर रुपये सारखे नसतात, हे कर्ज काढून पेरणी करणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही. भाववाढ बाजूला ठेवून वर्षाला सहा टक्के व्याजाचा दर धरला, तर पाच वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारे ७५ रुपये होते. प्रत्येक खर्च असा आजच्या किमतीत आणला की लेपाची बेरीज होते सुमारे ६५,४०० आणि कोब्याची सुमारे ५६,७००. कोबा अजूनही स्वस्त. दर दहा टक्के धरला तर मात्र लेप ४९,७०० आणि कोबा ४९,६००, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण महाग ते चांगलं असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी हिशेब स्वस्त पर्यायाच्या बाजूनं निघेल, आणि तेव्हा तोच घ्यावा. कोब्याचं वजन स्लॅबला पेलेल का, हेही आधी तपासावं लागतं. माझा आग्रह एवढाच की निर्णय हिशेबानं व्हावा आणि कोणता दर धरला ते कागदावर दिसावं.

बेरीज सारखी आली तरी काही गोष्टी तिच्यात आलेल्याच नसतात. लेप निकामी होतो पाचव्या वर्षी आणि नवा मारला जातो आठव्या वर्षी. मधले तीन पावसाळे पाणी काँक्रिटमध्ये मुरतं, सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून स्लॅबचं खालचं कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रिटचा थर, फुगतं, तडकतं आणि त्याचे पोपडे वर्गात पडतात. मग दुरुस्ती लेपाची राहत नाही, स्लॅबची होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रिटच्या) चौकटीच्या इमारतीचं आयुष्य ७५ वर्षं धरतो. आमच्याकडे ‘वर्गखोली धोकादायक, निर्लेखित करावी’, म्हणजे वापरातून काढून पाडावी, असा शेरा त्याच्या निम्म्या वयातही येतो.

मंत्री महोदय, यात विदर्भाचा वेगळा विचार का हवा तेही सांगतो. आयएसओ १५६८६ या आंतरराष्ट्रीय मानकात इमारतीच्या एखाद्या भागाचं आयुष्य काढताना सात गोष्टी बघायला सांगितल्या आहेत : मालाचा दर्जा, आराखडा, कारागिरी, आतलं वातावरण, बाहेरचं वातावरण, वापर आणि देखभाल. बाहेरचं वातावरण म्हणजे आमच्याकडे काय ते बघा. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापून फुगलेला स्लॅब रात्री आकसतो, आणि अशा तापल्या छतावर जूनची पहिली सर येते. लेपाला भेगा पडणारच. गडचिरोलीत पाऊस पश्चिम विदर्भापेक्षा कितीतरी जास्त. तिथे छताचा ढाळ आणि पन्हळी यांचं महत्त्व दुप्पट.

आमच्या पूर्णा नदीकाठी खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. काँक्रिटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ नुसार आरसीसी कामाच्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं. इथल्या बोअरचं खारं पाणी काँक्रिट कालवायला किंवा त्यावर मारायला वापरलं, तर सळईच्या गंजाची सुरुवात बांधकामाच्या दिवशीच होते. गोडं पाणी टँकरनं आणायचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर ठेकेदार ते आणणार नाही, हे मिस्त्रीलाही माहीत असतं. तीच गत लोखंडी पाइपांची : शौचालय बांधून होतं, आणि काही वर्षांत नळाची जोडणी कुजून पाणी बंद. प्लास्टिकचा चांगला पाइप इथे पहिल्या दिवसापासून हवा.

खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. जोत्याभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंद पट्टा करावा लागतो. संपूर्ण कामाच्या मानानं त्याचा खर्च किरकोळ, पण निधी कमी पडला की आधी कात्री त्यालाच लागते. नंतर भिंतीला तिरप्या चिरा पडतात आणि दारं चौकटीत बसेनाशी होतात.

या सगळ्याचा दोष लोक सर्वांत कमी दराच्या निविदेला देतात. ते अर्धंच खरं आहे. केंद्राच्या वित्त मंत्रालयानं २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये निवडक कामांसाठी दरासोबत गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली, ते चांगलंच झालं. पण निविदेत सगळे ठेकेदार एकाच वस्तूचा भाव भरतात. ती वस्तू कोणती, हे त्याआधीच अंदाजपत्रकात ठरलेलं असतं. तिथे पाच वर्षांचा लेप लिहिला असेल, तर सर्वांत प्रामाणिक ठेकेदारही पाच वर्षांचा लेपच मारील. म्हणून दुरुस्ती अंदाजपत्रकाच्या टेबलावर व्हायला हवी.

आणखी एक. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे, १९३० च्या दशकातली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (कौलं), म्हणजे आजच्या भाषेत कच्चं बांधकाम. ती आजही उभी आहे, कारण तिची निगा सतत राखली जाते. आपल्या खेड्यांतली जुनी घरंही अशीच टिकली. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंती लिंपायच्या, हे घरातलं ठरलेलं काम होतं. अल्पायुषी वस्तू वापरायला माझी हरकत नाही, पण मग दरवर्षी तिच्याकडे बघणारा माणूस आणि त्याच्या हातात पैसा हवा. सरकारी इमारतीत आपण वस्तू कमी टिकणारी घेतो आणि निगेचा पैसाही ठेवत नाही. बांधकामाचा निधी एका योजनेतून येतो, इमारत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या गळ्यात पडते, आणि पुढची तीस वर्षं तिचा धनी कोण हे कुठेच लिहिलेलं नसतं. सरपंचाकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. उरलेल्यात दिवे, रस्ते, नाल्या. छताचा नंबर लागत नाही.

म्हणून विनंती अशी की, नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात यावर शासन निर्णय जाहीर करावा. सुरुवात नव्या शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रांपासून करा. तांत्रिक मान्यतेच्या कागदांत एक पान वाढवा. त्यात प्रत्येक भागाचे किमान दोन पर्याय, त्यांचं या जिल्ह्यात अपेक्षित आयुष्य, तीस वर्षांचा खर्च आणि धरलेला दर असू द्या. हे आयुष्याचे आकडे कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे दुरुस्तीची जुनी बिलं पडून आहेत, त्यांतून कळेल कुठलं छत किती वर्षांनी गळलं. खारपाणपट्ट्यासाठी गोड्या पाण्याची वेगळी बाब दरसूचीत घाला. इमारत ताब्यात देताना गावाला एक नोंदवही द्या, कोणत्या वर्षी काय तपासायचं ते लिहिलेली, आणि त्या पानावरचा वार्षिक देखभाल खर्च त्याच गावाच्या नावानं दरवर्षी मार्चअखेर जमा करा, म्हणजे पावसाआधी मिस्त्री छतावर चढू शकेल.

हे पान कसं भरायचं याचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. आपल्या विभागातल्या कुणालाही तो विनामोबदला द्यायला आणि तालुक्यातल्या तरुण शाखा अभियंत्यांसोबत बसून पहिले काही हिशेब करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
ता. दर्यापूर, जि. अमरावती