फवारणी ड्रोनच्या मोटरची उष्णता मोजा

महोदय,

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा पाहता पाठीवरचा पंप उतरवून पऱ्हाटीवर ड्रोन फिरणे हे चांगलेच आहे. पण मोटर तापून जळाली, तर ऐन हंगामात ड्रोन घरीच पडून राहतो.

मोटरच्या तांब्याच्या तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट 20 टक्के वाढला की उष्णता 44 टक्के वाढते. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती आणखी तापते. बरेचदा तारेच्याही आधी मोटरमधला चुंबक दगा देतो. साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा 80 अंशांच्या आसपास असते. त्यापलीकडे तापल्याने गेलेली चुंबकाची ताकद मोटर थंड झाल्यावरही परत येत नाही, मग तेवढ्याच उचलीला जास्त करंट लागतो.

म्हणून उतरल्याबरोबर, बॅटरी काढून, प्रत्येक मोटरचे तापमान मोजावे. कोरोनाकाळातली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती शरीराच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक घ्यावी. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते, त्यामुळे मोटरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. सगळ्याच मोटरी तापल्या असतील तर वजन जास्त आहे. 25 किलोच्या भरल्या ड्रोनमध्ये 10 ऐवजी 8 लिटर द्रावण घेतले, तर तारेतली उष्णता साधारण 15 टक्क्यांनी उतरते. एकच मोटर इतरांपेक्षा 15-20 अंशांनी गरम असेल तर दोष तिथेच शोधावा: टवका उडालेला पंखा, ड्रोनचा मोटर धरणारा तिरपा झालेला हात, नाहीतर बेअरिंग. हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग बदलावेच. तेल सोडू नये, त्यावर धूळ आणि औषधाचा थर बसतो.

तापलेल्या मोटरवर पाणी तर मुळीच ओतू नये. धुऱ्यावरच्या सावलीत थांबावे. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून, हवेच्या फटींतला कचरा मऊ ब्रशने काढावा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी उडवणे टाळावे. तेव्हा हवा विरळ असते आणि थेंबही वाटेतच सुकतात.

नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांना ड्रोन देताना सोबत एक इन्फ्रारेड बंदूक द्यावी आणि प्रशिक्षणात मोटर तपासणीचा एक तास ठेवावा, ही कृषी विभागाला विनंती.

— ड्रोन दुरुस्ती करणारे काही वाचक, जि. यवतमाळ