नॉन म्हणजे नाही, असं नाही

लंडन, रविवार रात्र

दादा,

फोनवर मागं आई होती म्हणून मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तू म्हणालास बाबांच्या रिपोर्टवर 'नॉन हॉजकिन्स लिम्फोमा' आहे, म्हणजे हॉजकिन्स नाही, म्हणजे साधंच काहीतरी ना? मी गप्प बसले. अरे तसं नाही रे. दोन्ही लिम्फोमाच, दोन्ही लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचे कॅन्सर. हा नॉन आपल्या नॉनव्हेजमधला समज, अंडं पण नॉनव्हेज, बांगडा पण आणि मटण पण. तसे यात 60 च्या वर प्रकार आहेत, काही इतके सुस्त की डॉक्टर वर्षानुवर्षं औषधच देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, आणि काही बघता बघता वाढतात. म्हणून नुसतं 'नॉन हॉजकिन्स' टाकून रात्रभर नेटवर वाचत बसू नकोस, बाबांचा आहे डिफ्यूज लार्ज बी सेल, तेवढंच वाच. वाढतो भराभर पण औषधाला दाद पण देतो, निम्म्याहून जास्त लोक यातून पूर्ण बरे होतात.

फरक मायक्रोस्कोपखाली कळतो. हॉजकिन्समध्ये रीड-स्टर्नबर्ग नावाची मोठी पेशी असते, दोन न्यूक्लियस (पेशीतलं केंद्र) शेजारी शेजारी, लॅबमध्ये मी पहिल्यांदा बघितली तेव्हा घुबड टक लावून बघतंय असंच वाटलं होतं. आणि हॉजकिन्स बहुतेक वेळा लाल डब्यासारखा जातो, एकेक स्टॉप घेत शेजारच्या लिम्फच्या गाठीत. नॉनवाला कुठंही उतरतो, पोटात, हाडात. (बाबांना असंच सांग, 30 वर्षं कंडक्टरकी केलीय, लगेच कळेल.)

माझी बस रोज गायज हॉस्पिटलजवळून जाते. तिथल्याच थॉमस हॉजकिननं 1832 साली 7 पेशंटबद्दल लिहिलं, आणि पुढं त्यातल्या काहींचे जपून ठेवलेले तुकडे तपासले तर त्यातले सगळेच काही हॉजकिन्स निघाले नाहीत! खुद्द त्याला नुसत्या डोळ्यानं फरक कळला नाही, आणि आपल्या त्या डॉक्टरांनी मानेची गाठ चाचपून, सुई टोचून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, 3 महिने गेले. सुईनं थोड्या पेशी येतात रे, गाठीची रचना दिसत नाही, अख्खी गाठ काढून बायोप्सी करायला हवी होती. जाऊ दे, आता चिडून काय.

स्टेज 3 ऐकून हबकू नकोस, इथं त्याचा अर्थ छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडं गाठी, एवढाच. रिटुक्सिमॅब (केमोसोबतचं औषध) चढवायच्या आधी हेपेटायटिस बी ची टेस्ट झाली का ते उद्याच विचार, विसरू नकोस. स्टिरॉइडच्या 5 दिवसांत शुगर रोज बघायची. केमोनंतर ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे 2 असले तरी गाडी काढायची. आणि केमोतल्या लाल औषधानंतर एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते, ते आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर रक्त समजून घर डोक्यावर घेईल.

मी 14 तारखेला पोचतेय, घ्यायला येऊ नकोस, बाबांजवळ थांब.

तुझी,
छोटी