संडासाची सेप्टिक टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. (या विषयात ‘उघड्यावर’ हा शब्द बरा नाही, पण असू दे.)

महालक्ष्म्या यायच्या दोन दिवस आधी आमचा कमोड गुडगुडायला लागला आणि बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. नणंदा, जावा, पोरंसोरं सगळी यायची होती. आपलं इंदूर 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारं शहर, झालं खरं, पण बायपासपलीकडच्या आमच्या गल्लीत अजून ड्रेनेजची लाइन नाही. टाकी बारा वर्षांची, एकदाही उपसलेली नाही. शहरातल्या रामबागेत जन्म गेला, तिथे टाकी नव्हतीच. ती सांभाळावी लागते हे आमच्या गावीही नव्हतं.

यजमानांनी तुम्हाला फोन केला, पण मी तेवढ्यात स्वस्तातली दोन मुलं ठरवून बसले होते. आत उतरून बादल्यांनी उपसणार होती. तुम्ही आलात आणि पाइप सोडायच्या आधी त्यांना लांब उभं केलंत. "काकू, आतल्या गॅसचा थोड्या वेळाने वासही कळत नाही. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो, आणि दोघंही जातात." तुमच्या त्या बऱ्हाणपुरी मराठीत हे ऐकताना माझे हातपाय गार पडले. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मुलाने नंतर सांगितलं. तुम्ही कायद्याचं नावही काढलं नाहीत. त्या मुलांना फरशी फोडायचं काम दिलंत, आणि ठरलेले पैसे मला पूर्ण द्यायला लावलेत.

फरशी फोडायची, कारण झाकणच सापडेना! अंगण करताना आम्ही ते गाडून टाकलं होतं. टाकीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपापासून तुम्ही पहार आपटत निघालात आणि पोकळ आवाज आला तिथे थांबलात. वैद्य छाती ठोकून बघतो ना, तसं.

वरची घट्ट साय, खालचा गाळ, सगळं ओढून झाल्यावर तुम्ही बॅटरी मारून दाखवलंत: टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याकडून पाणी उलटं टाकीत येत होतं. भाद्रपदातली काळी माती पाणी पिईना, म्हणून तो खड्डाही तुडुंब. तेवढे दिवस कपडे कमी धुवा म्हणालात. पाहुण्यांच्या घरात ते कसं जमवलं ते विचारू नका. तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवलात, त्यातले जीवाणूच पुढचं काम करतात म्हणून. आणि मी दर रविवारी ॲसिडची बाटली ओतून त्यांनाच मारत होते, वर त्याचा अभिमान!

दोन-तीन वर्षांनी उपसायचं म्हणालात. झाकणावर आता फरशी नाही, सदाफुलीची कुंडी आहे, सरकवता येते. पुढची तारीख कॅलेंडरवाल्या डायरीत पावसाच्या आधी, वैशाखातच लिहून ठेवली आहे. त्या दिवशी गरम पाणी, साबण आणि चहा तयार असेल. "हात खराब आहेत, काकू" हे कारण तेव्हा चालणार नाही.

तुमच्या काकू,
इंदूर