दापोली की युरेका?

युरेका, कॅलिफोर्निया

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

मुग्धाला बारावीनंतर फॉरेस्ट्री करायचीय आणि 'तू तिथे शिकतोयसच, तर तिलाही तिकडेच बोलावून घे,' असं तू लिहिलंस. आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: आत्ता नको. दापोलीच्या फॉरेस्ट्री कॉलेजला घाल. का, ते सांगायचं तर मी इथे नक्की काय करतो तेही सांगायला हवं. फोनवर तू 'झाडं मोजणारा' म्हणून हसतोस. हस, खोटं काहीच नाही त्यात.

इथे दोन वर्षांची सरकारी कॉलेजं असतात, कम्युनिटी कॉलेज म्हणतात. एकट्या कॅलिफोर्नियात 116 आहेत. टक्केवारीची चाळण नाही, वयाची अट नाही. आमचं कॉलेज ऑफ द रेडवुड्स युरेकाच्या दक्षिणेला. वर्गात विशीतली पोरं, लाकडाच्या गिरणीत आयुष्य काढलेला एक गृहस्थ आणि पन्नाशीला टेकलेला मी. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे, म्हणजे एका श्रेयांकामागे, 46 डॉलर फी; साठ युनिटांची पदवी 2,760 डॉलरमध्ये होते, पुस्तकं आणि पेट्रोल वेगळं. साहेब होण्याचं शिक्षण नाही हे. हाताला काम लावणारं आहे: झाडं ओळखणं, जंगल मोजणं, नकाशे करणं, ठरवून आग लावणं आणि विझवणं. पुढे शिकायचं असेल तर पोरं दोन वर्षांनी आर्काटाच्या कॅल पॉली हम्बोल्टला जातात.

मला भावली ती मोजणी. झाडाचा व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा, उतारावर असेल तर चढाच्या बाजूने. आपल्याकडे वनखातं 1.37 मीटरवर घेर मोजतं ना, तेच हे साडेचार फूट. टेप मात्र हुशार आहे: त्यावरचे आकडे पायने (π, म्हणजे सुमारे 3.14) भागलेलेच छापलेले असतात, त्यामुळे बुंध्याभोवती गुंडाळली की थेट व्यास. उंचीसाठी शंभर फुटांवर उभं राहून क्लिनोमीटरमधून, म्हणजे चढ टक्क्यांत दाखवणाऱ्या छोट्या यंत्रातून, शेंडा आणि बुंधा बघायचा. टक्क्यांतले दोन आकडे मिळाले की उंचीचे फूट आले. पण रेडवुड या इथल्या प्रचंड उंच झाडाला शंभर फुटांवरून बघायला गेलास तर मान मोडते आणि शेंडा शेजारच्या झाडात हरवतो. मग दोनशे फुटांवर जायचं आणि उत्तर दुप्पट करायचं. हे वाचायला सोपं. कमरेएवढ्या नेच्यांतून, पडलेल्या ओंडक्यांवरून दोनशे फूट टेप ओढत नेताना धुकं अंगावर पाणी होऊन ठिबकतं आणि तिकडून जोडीदार ओरडत असतो, 'टेप ढिली आहे!'

अंतर मोजायला इथले जुने लोक अजून 66 फुटी साखळी धरतात. ऐकताच मला तुझ्या आजोबांचा सातबारा आठवला. एक चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे; दहा झाल्या की एकर. गोऱ्या साहेबाने एकच माप दोन्हीकडे नेऊन ठेवलंय, त्यामुळे एकराचा हिशेब वर्गात मीच सगळ्यात आधी करतो.

आता खास तुझ्यासाठी. तू गेल्या वर्षी साग उभाच उक्ता दिलास. व्यापारी ज्या हिशेबाने घनफूट काढतो, म्हणजे घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, त्यात गोल ओंडक्याचं साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माप धरलं जातं. उरलेलं भुसा आणि फळकुटांत जातं असं मानायची पद्धत आहे. पद्धत वाईट नाही, पण विकणाऱ्याला ती ठाऊक नसेल तर भाव कोण ठरवणार? तुझ्या बागेतला व्यवहार असा सगळा त्याच्या डोळ्याच्या अंदाजावर चाललाय.

रोगांच्या तासाला तर मी थेट तुझ्या पोफळीत पोचलो. इथे टॅनओक नावाची ओकसारखी झाडं 1990 च्या दशकापासून उभीच्या उभी वाळताहेत. कारण फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव, तुझ्या सुपारीवर कोळे रोग आणतो त्याच्याच घराण्यातला. शेजारच्या बे लॉरेलला तो फक्त पानांवर होतो, झाड मरत नाही, पण तिथूनच बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर टॅनओकवर जातात. जंगलातून बाहेर पडताना आम्ही बुटांचे तळवे ब्रशने घासतो, खाचेतली माती काडीने काढतो. बोर्डो मिश्रणाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांना फवारणीची पूर्ण कृती मी सांगितली. मोरचूद किती, चुना किती, सगळं.

मग मुग्धाला का नको? एक, ती 46 डॉलरची फी रहिवाशांची. परदेशी विद्यार्थ्याला कितीतरी पट जास्त पडते. दोन, या कोर्सनंतरच्या बऱ्याच नोकऱ्या केंद्र सरकारच्या फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये आणि तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. तेही असून 2025 च्या फेब्रुवारीत हजारो नव्या लोकांना एका फटक्यात घरी बसवलं होतं, नंतर काहींना परत बोलावलं. तीन, आणि मला हेच मोठं वाटतं: ती इथे डग्लस फर आणि हेमलॉक ओळखायला शिकेल आणि किंजळ-ऐन विसरेल. दापोलीला चार वर्षं कोकणातल्याच जंगलात काढू दे. मग मास्टर्सला यायचं म्हणाली तर विद्यापीठ शोधण्यापासून राहण्यापर्यंत सगळं माझ्याकडे लागलं.

तोवर तिला एक काम सांग. वरच्या अंगाला जो साग उरलाय, त्यातल्या प्रत्येक झाडाला खडूने नंबर घालून साडेचार फुटांवरचा घेर वहीत लिहायचा. उंची मोजायला क्लिनोमीटर मी उषाच्या भावाबरोबर पाठवतोय, तो दिवाळीला कुडाळला येतोय. वहीचे फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकायचे. आणि व्यापारी आला तर ते होईपर्यंत त्याला चहा पाज, पण आकडा बोलू नकोस.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
सुध्या