बुटाच्या खोक्यावर पायाची रुंदीपण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरमध्ये चालण्याचे फायदे, गुडघे कसे सांभाळायचे, साठीनंतरचा व्यायाम असं बरंच काही येत असतं आणि मी ते आवडीने वाचते, पण या सगळ्यात एक गोष्ट कोणी लिहीत नाही, ती म्हणजे चालायला जो बूट लागतो तो पायात नीट बसतच नसेल तर त्या माणसाने चालायचं कसं. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, ज्याला डॉक्टर बनियन किंवा हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात, त्यांच्याबद्दल बोलतेय मी. माझ्या दोन्ही पायांना आहे, आईला होतं, मावशीला अजून आहे. त्यामुळे बूट चावणं म्हणजे काय ते आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे फक्त आमच्याच घरात आहे असं अजिबात नाही. जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात 18 ते 65 वयाच्या साधारण 23 टक्के लोकांना आणि 65 च्या पुढच्या साधारण 36 टक्के लोकांना हा त्रास असल्याचं दिसलं, आणि बायकांमधे पुरुषांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे म्हाताऱ्या माणसांत तर जवळपास तिघांत एक. इतकी माणसं आहेत, सगळ्यांना रोज काहीतरी पायात घालायचंच असतं, आणि तरी दुकानात जाऊन "रुंद पायासाठी काही आहे का" विचारलं की उत्तर ठरलेलं, एक नंबर मोठा घ्या, होईल सैल.

हा सल्ला चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे लोकांना कळावं म्हणूनच हे पत्र लिहितेय.

बुटाचा नंबर म्हणजे मुळात लांबीचं माप. ब्रिटिश नंबर घेतला तर एक नंबर वाढला की बूट एक तृतीयांश इंच म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, रुंदी त्या मानाने अगदीच थोडी वाढते. आता माझ्या पायाला लांबी नकोच आहे, मला चवड्याला जागा हवीय. मोठा नंबर घेतला की होतं काय, बूट जिथे वाकायला पाहिजे तिथे वाकत नाही कारण बुटाचा वाकायचा भाग पुढे गेलेला असतो आणि माझा चवडा मागे राहतो, टाच मागून निसटत राहते, ती सांभाळायला बोटं आतल्या आत आवळून धरावी लागतात, पाऊल पुढे घसरून परत त्या निमुळत्या टोकात जाऊन अडकतं आणि ज्या गाठीसाठी एवढा खटाटोप केला ती पुन्हा शिवणीवर घासते. शिवाय लांब बुटाचं टोक कुठेतरी अडकून पडायची भीती वेगळीच, आणि म्हाताऱ्या माणसाने पडणं ही किती मोठी गोष्ट आहे ते सांगायला नको. पँट घेताना कंबर आणि उंची अशी दोन मापं विचारतात ना, कंबरेला घट्ट होतेय तर लांब पँट घ्या असं कोणी सांगत नाही, मग पायाच्याच बाबतीत एका मापावर का भागवायचं?

बऱ्याच जणांना वाटतं की तिथे नवीन हाड वाढलंय. मुख्यतः तसं नसतं. अंगठ्याच्या मागे तळव्यात जे लांब हाड असतं ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं आणि अंगठा उलटा करंगळीकडे वळतो, मग त्या दोघांच्या सांध्याचा कोपरा बाहेर दिसायला लागतो आणि त्यावर बूट घासून घासून सूज येते, कातडी लाल होते. एक्सरेत अंगठ्याचा तो कोन 15 अंशाच्या वर गेला की डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. थोडक्यात काय तर पाऊल पुढे पसरतं आणि टाच आहे तेवढीच बारीक राहते. म्हणून आम्हाला पुढे रुंद आणि मागे घट्ट असा बूट लागतो. सगळीकडूनच ढगळ असलेला बूट हा त्यावर उपाय नाही, आणि पुरुषांचे बूट घ्या म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ते चवड्याला रुंद असतात तसे टाचेलाही रुंद असतात. काहींना चालतात, सगळ्यांना नाही.

कारणांबद्दल बोलायचं तर घराण्यात असणं हे मोठं कारण आहेच, सांध्यांची ठेवण, सैल सांधे, संधिवात हेही असतं. पण बुटाचा हात नाही असं कोणी म्हणू नये. 1958 मध्ये हाँगकाँगचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बूट घालणाऱ्यांमधे हे 33 टक्के लोकांत सापडलं आणि अनवाणी राहणाऱ्यांत 2 टक्क्यांपेक्षाही कमी. आणि त्याहून मला भिडलेला अभ्यास म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचा, 2021 चा. त्यांनी केंब्रिज परिसरातल्या मध्ययुगीन दफनभूमीतले 177 सांगाडे तपासले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत 6 टक्क्यांना बनियन होतं आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत 27 टक्क्यांना! मधल्या काळात काय झालं तर लांब टोकदार बुटांची फॅशन आली. आणि ज्यांना बनियन होतं त्यांच्या हाडांत पडून झालेल्या फ्रॅक्चरच्या खुणाही जास्त सापडल्या. म्हणजे अरुंद बूट, वाकडा अंगठा आणि पडणं, ही साखळी इतकी जुनी आहे. आपल्याकडे मात्र अजूनही अंगठा वाकडा झाला की बाईलाच म्हणतात हील्स घातल्यास म्हणून झालं. माझ्या आईने आयुष्यात कधी हील घातली नव्हती.

आता रुंदीची मापं जगात नाहीतच असंही नाही. काही ब्रँड रुंदी अक्षरांत देतात पण तिथेही गोंधळच आहे, अमेरिकन पद्धतीत बायकांच्या बुटात बी म्हणजे साधी रुंदी, डी म्हणजे रुंद आणि टू-ई म्हणजे जास्त रुंद, तर पुरुषांत तेच डी म्हणजे साधं आणि टू-ई म्हणजे रुंद. ब्रिटिश पद्धत पुन्हा वेगळी, तिथे बायकांचं डी हेच साधं माप. त्यामुळे ऑनलाइन डी बघून मागवलं तर रुंद येईल की नेहमीचं येईल हे आधी ते कुठल्या पद्धतीचं आणि कोणाचं डी आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि नुसतं वाइड लिहिलं असेल तर त्याला काहीच अर्थ नाही कारण किती मिलिमीटर ते कोणी सांगत नाही. काही बुटांत तर फक्त वरचं कापड सैल केलेलं असतं आणि तळ तेवढाच अरुंद, मग पाऊल तळाच्या बाहेर लोंबतं.

खरं तर सोपी पद्धत अस्तित्वात आहे, तिचं नाव मोंडोपॉइंट, तिला आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 9407. त्यात पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही सरळ मिलिमीटरमधे लिहितात, उदाहरणार्थ 260/102. बस, एवढंच. नाटो देशांच्या सैन्याच्या बुटांना हे माप वापरतात. सैनिकाला दिवसभर चालायचं असतं म्हणून त्याच्या पायाची रुंदी बघतात, मग दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या नर्सने, शिक्षिकेने, दुकानातल्या मुलीने काय कमी चालायचं असतं का? आणि दुकानात पाय मोजायचं ते धातूचं उपकरण, ब्रॅनॉक डिव्हाइस म्हणतात त्याला, ते 1920 च्या दशकातलं आहे, त्यावर लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तिन्ही मापं निघतात. शंभर वर्षं होत आली आणि आजही बहुतेक दुकानांत फक्त "कितीचा नंबर?" एवढंच विचारतात.

तोपर्यंत आपण काय करायचं तर पाय घरीच मोजायचा. संध्याकाळी मोजायचा कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, आणि उभं राहून मोजायचा कारण वजन पडलं की पाऊल पसरतं, बसून मोजलं तर कमीच भरतं. कागदावर दोन्ही पावलांची आऊटलाइन काढायची, पेन्सिल सरळ उभी धरून, आणि सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद जागेचं माप लिहून ठेवायचं, दोन पायांत फरक असतोच, मोठ्या पायाचं घ्यायचं. बूट बघताना त्याच्या आतला सुटा सोल (इनसोल) काढता येत असेल तर काढून जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायचं, गाठ किंवा करंगळी बाहेर जात असेल तर तो बूट तिथेच सोडायचा, नंतर सैल होईल या बोलण्यावर अजिबात जाऊ नका. मऊ चामडं थोडं सैल होतं हे खरं पण कडक सिंथेटिक आहे तसंच राहतं, आणि चावतं ते पहिल्या दिवसापासून. गाठीच्या जागी शिवण, बक्कल, पट्ट्याची कड काहीही नको. विणलेल्या कापडाचे बूट माझ्या अनुभवात सगळ्यात बरे. पुढे अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, टोक गोल किंवा चौकोनी, टाच ठेंगणी, कारण टाच उंच झाली की सगळा भार चवड्यावर येतो. लेसचे बूट घ्या, अंगठ्याच्या गाठीजवळच्या भोकातून लेस घालायची सोडून द्यायची म्हणजे तिथला दाब कमी होतो आणि वरच्या शेवटच्या भोकातून फिरवून घट्ट बांधली की टाच निसटत नाही. चामड्याचा चांगला बूट आधीच घरात असेल तर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला दाखवा, नेमक्या गाठीच्या जागी चामडं दाबून फुगवायचं अवजार असतं, ज्याच्याकडे ते आहे तो बूट न बिघडवता करून देतो. मोज्यांकडेही बघा हो, घट्ट मोजा बोटं तेवढीच आवळतो.

अंगठा सरळ करून देणारे पट्टे आणि बोटांमधे घालायचे सिलिकॉनचे तुकडे यांच्या जाहिराती खूप दिसतात. त्यांनी दुखणं थोडं कमी होऊ शकतं, काहींना होतंही, पण मोठ्या माणसाचं कललेलं हाड त्याने जागेवर येत नाही, आणि तो तुकडा आधीच अरुंद असलेल्या बुटात घातला तर उलट जास्त दाबतो. ऑपरेशनचा रस्ता आहे, पण तो दुखणं रोजच्या जगण्याच्या आड येत असेल तर, नुसतं दिसायला वाईट दिसतं म्हणून नाही, आणि नंतर सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. ते करूनही परत अरुंद बूट घालून कसं चालेल.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. ज्यांना डायबिटीस आहे आणि पायाला बधिरपणा आहे त्यांनी "मला तर काही टोचत नाही" यावर बूट पसंत करूच नये. त्यांना टोचलेलं कळतच नाही, गाठीवर जखम होते आणि ती चिघळल्यावरच लक्षात येतं. त्यांनी मापावरच जायचं, नवीन बूट थोडा थोडा वेळ घालायचा आणि काढल्यावर पाय रोज बघायचा, स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी बघायचा, आणि लाली किंवा जखम दिसली तर डॉक्टरकडे जायचं.

तेव्हा संपादक साहेब, माझी विनंती आहे की तुमच्या आरोग्य पुरवणीत पायाच्या डॉक्टरांकडून यावर एक सविस्तर लेख घ्या, आणि बूट बनवणाऱ्यांना तुमच्या पेपरमधून विचारा की खोक्यावर लांबीच्या नंबरशेजारी चवड्याची रुंदी मिलिमीटरमधे छापायला अडचण काय आहे. त्यांच्याकडे ते माप असतंच, ज्या साच्यावर बूट बनतो त्या साच्याची रुंदी त्यांना माहीत असल्याशिवाय बूट तयारच होत नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांनी तळाचा फोटो आणि रुंदी दोन्ही द्यावं, कितीतरी बूट परत पाठवायचेच वाचतील. आणि एकाच मॉडेलमधे निदान दोन रुंद्या ठेवा, काळ्या रंगात नाही तर दुसऱ्या रंगात चालेल, आम्ही रंगासाठी अडून बसणारी माणसं नाही.

आपली नियमित वाचक